गोष्टींच्या बैठकीत या चुका टाळा

पुण्यातल्या सोसायट्यांना शेजाऱ्यांसाठी गोष्टींची बैठक भरवण्याचा उत्साह कोजागरीच्या सुमारास हमखास येतो आणि दिवाळीचा फराळ संपेपर्यंत बहुधा ओसरतो. गेली बारा वर्षे कोथरूडमध्ये अशा बैठका भरवताना आणि इतरांच्या बैठकांना जाताना मी तेच तेच घोटाळे पाहत आलो आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बैठकीचा समारंभ करणे. ओळीने खुर्च्या, समोर टेबल, पुष्पगुच्छ आणि माइक आला की शेजाऱ्यांचे श्रोते होतात, आणि एकदा श्रोता झालेला माणूस गोष्ट सांगायला उठत नाही. पहिल्या कोजागरीला मी हेच केले. गच्चीवर साठ खुर्च्या भाड्याने आणल्या आणि एका निवृत्त गृहस्थांना अध्यक्ष केले. त्यांनी आपल्या परदेशवारीचे वर्णन मुंबईच्या विमानतळापासून सुरू केले आणि पन्नास मिनिटांनंतरही ते हॉटेलातच होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तोवर पहिल्या रांगेत शाल सावरत बसल्या होत्या. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले, तेव्हा सोळा वर्षांच्या काकू नारायण पेठेतल्या वाड्यात राहत होत्या, आणि ती हकिगत सांगायचे त्यांनी कबूल केले होते. त्यांची पाळी आली तेव्हा दहाला पाच कमी होते. विशेष सवलतीचा दिवस नसेल, तर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री 10 वाजता बंद करावा लागतो. शिवाय मसाला दुधाचे पेले फिरू लागले होते. “राहू दे आता, पुढच्या वेळी सांगेन,” असे म्हणून त्या उठल्या. त्यांना सोडायला गेलो, तेव्हा कुलपात किल्ली तशीच ठेवून त्या बोलू लागल्या. पाणी ओसरल्यावर त्यांच्या आईने चिखलातून फिरकीचा पितळी डबा काढला, त्यातले तांदूळ कोरडे निघाले आणि त्या संध्याकाळी चार बिऱ्हाडे तोच भात जेवली. साठ खुर्च्यांसाठी ठरलेली ही गोष्ट मी एकट्याने पायपुसण्यावर उभे राहून ऐकली.

तेव्हापासून मी सतरंज्या घालतो, त्याही गोल, आणि गुडघेदुखीवाल्यांच्या खुर्च्या त्याच वर्तुळात ठेवतो, कारण भिंतीला लावलेली खुर्ची माणसाला गप्प करते. वीस-पंचवीस माणसांना माइक लागत नाही. लागत असेल तर सरळ दोन बैठका कराव्यात.

दुसरी चूक म्हणजे “चला, आता कोण सांगतंय?” असे विचारणे. त्यानंतर सगळे पाण्याच्या टाकीकडे पाहू लागतात. मी विषय देत नाही, घरातली एक जुनी वस्तू घेऊन यायला सांगतो आणि पहिली गोष्ट स्वतः सांगतो, तीही मुद्दाम छोटी आणि जराशी फसलेली, म्हणजे पुढच्याला धीर येतो. पुढच्या खेपेस काकू तो डबाच घेऊन आल्या, आणि त्यांच्यानंतर अमरावतीहून आलेल्या भाडेकरू मुलीने, जिच्याशी वर्षभर जिन्यात कोणी धड बोलले नव्हते, आजोबांच्या अडकित्त्याची गोष्ट सांगितली.

घाईच्या लोकांना या खटाटोपापेक्षा मानधन देऊन कथाकथनकार बोलावणे सोपे वाटते. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाला गावोगावी गर्दी खेचली हे खरे, परंतु ती कला मंचावरची आहे; तिने संध्याकाळ रंगते, शेजारी मात्र अनोळखीच राहतो. मोबाइलवर आलेली बोधकथा वाचून दाखवणाऱ्यांना मी हसून थांबवतो. गोष्टींना बक्षिसे देऊ नयेत. विचारल्याशिवाय चित्रीकरण करू नये. दूध शेवटी द्यावे.

आणि दोन बैठकांनंतर “प्रतिसाद नाही” म्हणून सतरंज्या गुंडाळू नयेत. एका जानेवारीत आम्ही जेमतेम पाच जण होतो, त्यांत रात्रपाळीचा वॉचमन. कोणत्या घरातला दिवा सर्वांत शेवटी मालवतो, हे तो नाव न घेता सांगत होता, आणि त्या घरातल्या बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी, त्या का जागतात, ते सांगायला सुरुवात केली.