साखरपुड्यासाठी पळसाचा लुक: मेकअप आणि हेडपीस कसे तयार करावे

‘निसर्गातलं काहीतरी करा ना’ असं म्हणत क्लायंट मोबाइल पुढे करते, तेव्हा त्यात बहुतेक वेळा परदेशी जंगलातल्या पऱ्या असतात. डोक्यावर शिंगं, गालावर शेवाळ. साखरपुडा फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर तिला त्याऐवजी पळस दाखवा. होळीच्या सुमारास पानं गळालेली असतात, फांद्या राखाडी आणि वाकड्यातिकड्या, आणि त्यावर भडक केशरी फुलांचे घोस. बाकी झाड उघडं असतं म्हणूनच ते केशरी एवढं उठून दिसतं. या लुकचं सगळं गणित त्यातच आहे: रंग एका-दोन जागी, बाकी मोकळं.

हा लुक साखरपुड्यालाच का? लग्नात कपाळावर मुंडावळ्या येतात, त्यावर हेडपीस म्हणजे गर्दी. हळदीत तर चेहराच पिवळा होतो.

आधी फूल हातात घ्या

फोटोवरून काम करू नका. झाडाखाली सडा पडलेला असतो, त्यातली चार फुलं उचला. एक रुंद पाकळी मागे वळलेली, दोन लहान बाजूला आणि मधे दोन जुळून झालेली पोपटाच्या चोचीसारखी बाकदार पाकळी. उजेडात तिरकी धरली तर पाकळीवर बारीक रुपेरी लव दिसते. देठाकडची वाटी काळपट तपकिरी, मखमली. बरेच जण नेमकी हीच विसरतात. मग नुसतं केशरी उरतं आणि लोक विचारतात, ‘झेंडू का?’

आणि हिरवी पानं लावू नका. पळसाला पाने तीनच हे खरं, पण ऐन बहरात तीही नसतात.

क्लायंटला काय विचाराल

साडीचा रंग, ब्लाउजचा गळा, केसांची लांबी आणि दाटपणा, चष्मा, नथ घालणार का, कार्यक्रम किती वेळ आणि हॉलला एसी आहे का. साडी मोतिया, चंदेरी किंवा गडद हिरवी असेल तर उत्तम. केशरी साडीवर हेडपीस हरवून जातो. राखाडी सर्वांत शोभेल, पण शुभकार्यात घरची मोठी माणसं नाक मुरडण्याची शक्यता धरून चाला.

त्वचेवर लावायचं प्रत्येक नवं उत्पादन, पापण्यांचा गोंदसुद्धा, किमान २४ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

चेहरा

बेस हलका ठेवा. गव्हाळ आणि सावळ्या रंगावर केशरी आयशॅडो थेट लावली तर मातकट दिसते. म्हणून पापणीवर आधी त्वचेपेक्षा किंचित उजळ कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम), त्यावर पावडरचा पातळ हात आणि मग केशरी. ब्रश घासू नका, थोपटत लावा. रंग पापणीच्या आतल्या दोन तृतीयांश भागात थांबवा. बाहेरचा कोपरा आणि पापण्यांची मुळं गडद तपकिरीने भरा, ही तुमची मखमली वाटी. काळं काजळ इथे फार कठोर वाटतं. शेवटी पापणीच्या मध्यावर बोटाने चिमूटभर रुपेरी शिमर.

ओठ केशरी करायचा मोह आवरा. विटकरी किंवा फिकट तपकिरी पुरे. गालाला पीच, तोही जेमतेम.

क्राफ्टच्या दुकानातलं ग्लिटर डोळ्यांजवळ अजिबात नको, त्याचे कण बुबुळाला इजा करू शकतात. खरी पानं-फुलं चेहऱ्याला चिकटवायची फॅशन आहे, पण रुई, कण्हेर अशा चिकाच्या झाडांपासून लांबच राहा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर थेट दवाखाना.

हेडपीस

खरा पळस डोक्यावर टिकत नाही. उन्हात फूल लवकर मलूल होतं आणि चुरगळलं की डाग पाडतं. रंगपंचमीचा रंग याच फुलांचा करतात, तेव्हा मोतिया साडीचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून फुलं कापडाची करा.

पाकळ्यांना पॉलिस्टर सॅटिन, वाटीला तपकिरी मखमल. कागदावर रुंद, लहान आणि बाकदार असे तीन आकार कापून साचे करा. सॅटिनच्या कडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन फिरवल्या की आत वळतात आणि धागेही सुटत नाहीत. खऱ्या रेशमाला हे चालत नाही, ते जळतं. बाकदार पाकळीच्या आत बारीक तार ठेवा म्हणजे चोच वाकलेली राहते. फूल बांधून झालं की खाली मखमल गुंडाळा.

पायाला साधा धातूचा हेअरबँड घ्या. त्यावर थोडी जाड तार वाकवून फांदी करा आणि तपकिरी फ्लोरल टेप (कृत्रिम फुलांच्या देठांना गुंडाळतात ती पट्टी) गुंडाळा. तारेचं प्रत्येक टोक उलटं वळवून टेपखाली दाबा, नाहीतर टाळूला टोचतं आणि नवरी प्रत्येक फोटोत कपाळाला आठ्या घालून बसते. फुलं एकाच बाजूला, घोसाने. काही उमललेली, काही नुसत्या काळपट कळ्या. पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणून घोस उजवीकडे घेतला की तोल साधतो. दुसरी बाजू उघडी राहू द्या. तिथे ‘थोडं काहीतरी’ लावा असं मावशी म्हणतीलच.

हेअरबँडच्या दोन्ही टोकांना आणि घोसाखाली धाग्याचे लूप शिवा. पिना त्यातून फुलीसारख्या एकमेकींवर घाला. केस विरळ असतील तर पिनेच्या जागी आधी थोडं बॅककोंबिंग करा, म्हणजे केस मुळाकडे उलटे विंचरून फुगवा.

ट्रायल

ट्रायल कार्यक्रमाच्याच वेळेला घ्या. एक फोटो खिडकीच्या उजेडात, एक फ्लॅशने. काही सनस्क्रीन आणि पावडरींमुळे फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक येतो, ते इथेच कळतं. मग हेडपीस लावून तिला तीन-चार वेळा खाली वाकायला सांगा. साखरपुड्यात थोरामोठ्यांच्या पाया पडायचंच असतं. घोस कानावर घसरला तर आणखी एक लूप शिवा किंवा दोन फुलं काढून टाका. अर्धा तास तसंच बसवून मग विचारा, कुठे दुखतंय का.

त्या दिवशी

समोरून उघडणारा गाऊन घालून आधी केस, मग मेकअप, मग साडी आणि दागिने, हेडपीस सर्वांत शेवटी. उलटं केलं तर कुठली तरी ओढणी किंवा हार तारेत अडकणारच.

बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे चार पिना, टिश्यू आणि लिपस्टिक देऊन ठेवा. केशरी रंग नुसत्या फेसवॉशने जात नाही, रात्री आधी क्लेंझिंग ऑइल किंवा बामने काढायचा हे तिला सांगा. हेडपीस विकत दिला की भाड्याने, हे बिलावर वेगळं लिहा. भाड्याचा असेल तर परत कधी आणायचा तेही.