मुलाच्या स्पीच थेरपीचा क्लेम नाकारला? आम्ही केलेल्या या चुका टाळा

छत्तीस सेशन्स, प्रत्येकी सहाशे, एकूण २१,६०० रुपये. एवढी बिलं जोडून क्लेम पाठवला आणि अठरा दिवसांनी उत्तर आलं की ओपीडी उपचार, म्हणजे अ‍ॅडमिट न होता घेतलेले, पॉलिसीत समाविष्ट नाहीत. बस, एवढंच. लेक तेव्हा तीन वर्षांचा, "पानी" आणि "आऊ" सोडून तिसरा शब्द नाही. घरात सासूबाई म्हणतायत मुलगे उशिरा बोलतात, याचा बाप पण चार वर्षांचा होईस्तो गप्पच होता. आणि मी दर शनिवारी गुहागरहून चिपळूणला एसटीने जा-ये करतेय कारण थेरपिस्ट बाई तिथे आठवड्यातून एकदाच बसतात. असं सगळं चालू असताना ते पत्र हातात आलं की डोकं फिरणारच. आणि डोकं फिरल्यावर जे जे करू नये ते सगळं आम्ही केलं.

पत्र न वाचता भांडायला गेलो

मी कॉल सेंटरला फोन लावून अर्धा तास बोलले, मूल बोलत नाही हो, थेरपी गरजेची आहे, डॉक्टरांनीच सांगितलीय. पलीकडची मुलगी बिचारी हो मॅडम, हो मॅडम करत राहिली. पण थेरपी गरजेची नाही असं त्यांनी म्हटलंच नव्हतं! ते म्हणत होते की या पॉलिसीत ओपीडी नाही. म्हणजे मी भलत्याच मुद्द्यावर भांडत होते. आधी बघायचं ते हे की नकार कोणत्या कलमावर दिलाय, कारण प्रत्येक कलमाला उत्तर वेगळं असतं. ओपीडीचं कारण असेल तर एक, कागद अपुरे असतील तर दुसरं, आधीपासूनचा आजार म्हणत असतील तर तिसरं.

आणि नुसता टीपीएचा, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमचं काम बघणाऱ्या एजन्सीचा, एसएमएस आला म्हणून नकार मानून बसू नका. नकार विमा कंपनीने स्वतः, लेखी, पॉलिसीच्या नेमक्या अटीचा उल्लेख करून कळवायचा असतो. मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. तेव्हा मेल करून सरळ विचारा, कलम कुठलं आणि कमिटीपुढे कधी गेला होता. एवढं विचारलं तरी फाइल पुन्हा उघडून बघितली जाते असा माझा अनुभव.

"क्लोज" आणि "रिजेक्ट" यातही गोंधळ होतो. माझ्या मैत्रिणीला वाटत होतं तिचा क्लेम नाकारलाय, प्रत्यक्षात त्यांनी कागद मागितले होते, तीन रिमाइंडर आले, सगळे स्पॅममध्ये, आणि क्लेम बंद झाला. तो कागद दिल्यावर पुन्हा उघडला.

कार्ड बघितलं, पॉलिसी बघितलीच नाही

आपल्याकडे एजंट म्हणजे अर्धा वेळ नात्यातलाच. आमचे वाडीतलेच भावोजी. "सगळं कव्हर आहे वहिनी, काळजी करू नका." आणि आपण पण त्यांनी दिलेलं कार्ड पर्समध्ये टाकून मोकळे होतो. साधी मेडिक्लेम पॉलिसी मुळात अ‍ॅडमिट होण्यासाठी असते, किमान २४ तास, किंवा मग यादीतली डे-केअर प्रोसिजर, जी २४ तासांच्या आत उरकते. थेरपिस्टसमोर पाऊण तास बसून शिट्टी वाजवणं, फुगे फुंकणं आणि चित्रं ओळखणं यातल्या कशातच बसत नाही. ते ओपीडीत येतं आणि ओपीडी कव्हर वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर रायडर म्हणून, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर. म्हणजे आमच्या त्या पॉलिसीपुरता नकार बरोबरच होता, कितीही राग आला तरी.

पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक येतं, कस्टमर इन्फॉर्मेशन शीट, त्यात काय मिळतं, काय नाही, वेटिंग किती म्हणजे कव्हर लागू व्हायला किती थांबायचं, तक्रार कुठे करायची हे सगळं थोडक्यात असतं. ते मराठीत मागितलं तर मराठीत मिळतं. मागा.

आता खरी गंमत. नवरा लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे, तिथे ग्रुप पॉलिसी आहे, आणि त्यात कुटुंबासाठी वर्षाला दहा हजारांचं ओपीडी आहे हे आम्हाला आठ महिने माहीतच नव्हतं! त्याला वाटायचं ते फक्त अपघाताचं. एचआरकडे जाऊन पॉलिसीची कॉपी मागितली तेव्हा कळलं. तोवर बिलं द्यायची मुदत उलटून गेलेली. पण मुदत गेली म्हणून खरे क्लेम यांत्रिकपणे नाकारू नका असं आयआरडीएआयने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलंय, त्याचा उल्लेख करून उशीर का झाला ते तारखांसकट लिहून दिलं आणि ९,६०० मिळाले. पूर्ण दहा का नाहीत ते पुढे सांगते.

बिलं

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. थेरपिस्ट बाईंनी प्रेमाने एकाच कागदावर लिहून दिलं होतं, "स्पीच थेरपी, ३६ सेशन्स, रु. २१,६००". तारखा नाहीत, मुलाचं पूर्ण नाव नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. असं बिल बघून कोणीही शंका घेणार. नंतर त्यांच्या डायरीतून तारखा काढून घेतल्या, पण माझ्या यूपीआयच्या हिस्ट्रीशी सोळाच सेशन्स जुळली, बाकीचे पैसे मी रोख दिले होते. सोळा सहाशे नऊ हजार सहाशे. गेले ते गेले.

तर काय काय लागतं ते ऐका. आधी डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन, म्हणजे बालरोगतज्ज्ञ, ईएनटी किंवा न्यूरोलॉजिस्टचं, ज्यात निदान काय, थेरपी का, आठवड्याला किती वेळा, किती महिने हे सगळं असेल. हे महत्त्वाचं अशासाठी की पॉलिसीच्या भाषेत "मेडिकल प्रॅक्टिशनर" म्हणजे मेडिकल कौन्सिलचा डॉक्टर, थेरपिस्ट त्यात येत नाही, त्यामुळे नुसती थेरपिस्टची चिठ्ठी चालत नाही. मग थेरपिस्टचा आरसीआयचा म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नंबर बिलावर हवा. कोकणात चारपाच महिन्यांचा कोर्स करून बोर्ड लावणारे पण आहेत, तेव्हा नंबर थेरपी सुरू करायच्या आधीच विचारा, नुसत्या क्लेमसाठी नाही, मुलासाठी पण. शिवाय ऐकण्याची तपासणी, बेरा वगैरे झाली असेल तर तो रिपोर्ट, आणि दर तीन महिन्यांनी प्रोग्रेस रिपोर्ट.

निदान नीट लिहून घ्या. आमच्या पहिल्या केसपेपरवर "नॉट टॉकिंग" एवढंच होतं, हे काय निदान झालं? भाषाविकासाच्या अडचणींना आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत, एफ८० हा कोड आहे, ऑटिझमला एफ८४, कमी ऐकू येण्याला एच९०. डॉक्टरांना सांगितलं की ते कोड टाकून देतात. मात्र क्लेम बसावा म्हणून नसलेला आजार लिहून द्या असं कुणालाही सांगू नका. एक तर ती फसवणूक, पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि तो खोटा शिक्का पोराच्या फाइलमध्ये कायमचा राहतो.

आणि पावसाळा! आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. जूनमध्ये कपाटात ठेवलेली थर्मल पेपरची बिलं ऑगस्टमध्ये काढली तर पांढरी फटक, एकाला बुरशी. बिल हातात आलं की एसटीत बसल्या बसल्या फोटो काढा आणि स्वतःलाच मेल करा. मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये, तांदळाच्या डब्याशेजारी नाही.

अ‍ॅडमिट झालेल्या मुलाची केस वेगळी असते

शेजारच्या दादांची मुलगी स्कूटरवरून पडली, डोक्याला मार, बारा दिवस हॉस्पिटलात, आणि घरी आली ती अडखळत बोलायला लागली. तिची थेरपी मात्र पोस्ट-हॉस्पिटलायझेशनमध्ये बसते, म्हणजे डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवस, बऱ्याच पॉलिसीत ६०, काहींत जास्त, त्याच आजाराशी संबंधित खर्च. त्यांचाही क्लेम आधी नाकारला. का, तर डिस्चार्ज कार्डावर औषधं होती, फिजिओ होतं, स्पीच थेरपी हा शब्दच नव्हता. दादा पुन्हा हॉस्पिटलात गेले, न्यूरोलॉजिस्टकडून लेटरहेडवर चार ओळी आणल्या की ही अडचण त्या इजेमुळेच आहे आणि थेरपी डिस्चार्जवेळीच सांगितली होती. पैसे आले. तेव्हा डिस्चार्ज घेताना कितीही घाई असली, खाली गाडी थांबलेली असली, तरी कार्ड वाचा आणि थेरपीची ओळ घालून घ्या.

उलटं पण होतं. डॉक्टर सहज लिहून जातात "जन्मापासून", आणि मग कंपनी आधीपासूनचा आजार म्हणून वेटिंग पीरियड लावते, जो जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. खरंच जन्मापासून असेल तर ठीक, नसेल तर आईवडिलांच्या पहिल्या लक्षात कधी आलं ते नीट लिहायला सांगा. नवीन पॉलिसी घेताय आणि थेरपी आधीच चालू आहे? प्रपोजल फॉर्ममध्ये लपवू नका, भावोजी म्हणाले तरी नाही.

तक्रारीची पायरी चुकवणं

काही जण पहिल्याच दिवशी विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याचे वाद मिटवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, धावतात आणि काही वर्षभर एजंटलाच व्हॉट्सअ‍ॅप करत बसतात. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. त्यात रडगाणं नको, मी पहिल्यांदा दोन पानं लिहिली होती, ती फाडून हे लिहिलं: "आपण दि. अमुक रोजी कलम तमुक दाखवून क्लेम नाकारला. ग्रुप पॉलिसीच्या पान नऊवर ओपीडी लाभ आहे. प्रिस्क्रिप्शन, तारीखवार बिलं, पेमेंटचे पुरावे जोडले आहेत. फेरविचार करून लेखी उत्तर द्यावे." पुरे. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, फोनवर करायची तर १५५२५५.

एक महिना उत्तर नाही, किंवा आलेलं पटलं नाही, मग विमा लोकपाल. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात. तक्रार ऑनलाइन करता येते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, म्हणजे त्यासाठी रात्रीची गाडी पकडायला नको. निकाल कंपनीवर बंधनकारक, आपल्यावर नाही, आपल्याला त्यानंतरही ग्राहक आयोगात जाता येतं, तिथे मुदत दोन वर्षांची.

जिथे कलमच स्पष्ट आहे तिथे डोकं आपटणं

पॉलिसीत ओपीडी नाहीच, अ‍ॅडमिशन नाहीच, मग लोकपाल तरी काय देणार. ती ताकद दुसरीकडे लावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, शाळेत एकदा, विकासात मागे पडणारी मुलं शोधणं हे त्यांचं कामच आहे, आणि तिथून मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवतात जिथे थेरपी मोफत असते. आशाताईला विचारा, नाहीतर पीएचसीत. पूर्ण तपासणी करायची तर मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची.

आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना. वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर, त्यात ओपीडी आणि थेरपीसुद्धा, थेरपीला आतली मर्यादा आहे, आधी खर्च करायचा मग परत मिळतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, वैद्यकीय तपासणी नाही. नुसत्या स्पीच डिलेला ती लागू नाही, म्हणून आमच्या लेकाला नाही मिळाली, पण जाऊबाईंच्या मुलीला मिळते. फक्त योजनेचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि मार्चएंड म्हणजे आमच्याकडे आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस, घरातलं झाडून सगळं बागेत. मागच्या वर्षी रिन्यूअल राहिलं ते असंच. आता जाऊबाईंनी गोठ्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी लाल पेनाने गोल करून ठेवलाय.