जुनी पिकअप देऊन नवी घेताय? आधी आरसीवरून नाव उतरवा

जुनी गाडी एक्सचेंजला द्यायची म्हटलं की पहिला सल्ला येतो, धुऊन पॉलिश करा, सीटकव्हर बदला. केळी वाहिलेल्या गाडीचं पॉलिश कुणी बघत नाही. भाव करणारा थेट हौद्यात चढतो, चिकाने काळा पडलेला पत्रा कोपऱ्यात कुठे सडलाय ते बुटाने ठोकून बघतो, मग खाली वाकून जादा टाकलेले स्प्रिंगचे पाटे मोजतो आणि चेसीसला वेल्डिंग शोधतो. पॉलिशचे पैसे त्या सडक्या कोपऱ्यावर घाला. टायर गोटा झाले असतील तर असू द्या, नवे टाकून ते पैसे वसूल होत नाहीत.

मी आजवर चार पिकअप बदलल्या. सगळ्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यात केळी आणि कापूस ओढून झिजलेल्या.

कागद

विमा, फिटनेस, पीयूसी चालू हवं. ई-चलान भरून टाका. गाडी 1 एप्रिल 2019 आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवा. आरसीला तुमचा सध्याचा मोबाईल नंबर जोडा, ओटीपी त्याच्यावरच येतो. कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचं फायनान्सचं नाव आपोआप जात नाही. फायनान्स कंपनीची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म 35 देऊन बोजा उतरवावा लागतो. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी फॉर्म 31 ने वारसाच्या नावावर करा.

कोणती घ्यायची

ते तुमचं तुम्ही ठरवा. एवढंच बघा की गाडी आणि माल मिळून पासिंग 3000 किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परमिट लागत नाही. वरच्या मॉडेलला लागतो. शोरूममध्ये हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

भाव

आधी नव्या गाडीचा ऑन-रोड भाव कागदावर लिहून घ्या. तोवर जुनीचं नाव काढू नका. दोन्ही व्यवहार एकत्र झाले की जुनीला वीस हजार वाढवून दिल्यासारखं दाखवतात आणि नवीत तेवढेच काढून घेतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा दसऱ्याला घासाघीस करायला जाऊ नका, त्या दिवसांत गिऱ्हाईक रांगेत असतं. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवीच स्वस्त झाल्यामुळे जुनीचा भाव उतरला असं शोरूमवाला म्हणाला, तर यात तो खोटं बोलत नाही.

नाव उतरवणं

खरा घोळ इथे आहे, आणि मी यात पुरता बुडालो होतो.

दुसरी गाडी एक्सचेंजला दिली तेव्हा शोरूमच्या माणसाने टीटीओचे, म्हणजे मालकी बदलाचे फॉर्म पुढे केले. 29 च्या दोन प्रती आणि 30. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. "सही करा भाऊ, गिऱ्हाईक मिळालं की नाव टाकून घेऊ." नव्या गाडीला हार घालायची घाई होती, केली सही. वर पाचशेच्या आतल्या स्टॅम्पवर डिलिव्हरी नोट, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याचा कागद करून घेतली आणि स्वतःला हुशार समजलो.

दीड वर्षाने मध्य प्रदेशातल्या कोर्टाची नोटीस दारात. माझ्या एमएच 19 गाडीने सेंधव्याकडे मोटारसायकलला धडक दिली होती आणि विमा संपलेला होता. शोरूमने गाडी दलालाला दिली होती, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने सीमेपलीकडे. कोरे फॉर्म गाडीसोबत फिरत राहिले. प्रत्येकाला नाव चढवायचा खर्च वाचवायचा होता, आणि दुसऱ्या राज्यात न्यायची तर फॉर्म 28 ची एनओसी आणि तिथला टॅक्स, तो कोण भरतो? शेजारचे आप्पा म्हणाले, "गाडी गई भो, पन नाव तठेच ऱ्हायनं." चालवणाऱ्याने शेवटी तडजोड केली म्हणून सुटलो. तोवर सेंधव्याच्या अकरा चकरा झाल्या होत्या.

"स्टॅम्पवर लिहून घ्या, नोटरी करा, काही होत नाही" असं सांगणारे आजही भेटतात. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच धरलं. तिथेही गाडी एकामागून एक हातांतून गेली होती, पण भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावरच आली. डिलिव्हरी नोट जरूर घ्या, तारीख आणि वेळ मिनिटासकट टाका, चलानच्या वादात कामी येते. पण तिच्या भरवशावर झोपू नका.

आता माझे नियम. कोऱ्या फॉर्मवर सही नाही, समोरचा कितीही ओळखीचा असो. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, आधारची कॉपी समोर आली की फॉर्म भरायचा, चेसीस नंबरचा पेन्सिलने छाप घ्यायचा, मग सही. भरलेल्या सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवायचे. गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर शोरूमला विचारायचं, तुम्ही आरटीओचे अधिकृत डीलर आहात का? 1 एप्रिल 2023 पासून नियम असा की अधिकृत डीलरकडे गाडी देताना फॉर्म 29सी ऑनलाइन भरला की पुढची जबाबदारी डीलरची. हा प्रश्न विचारल्यावर मी गेलो त्या दोन ठिकाणी समोरचा माणूस चहा सांगायला उठला. म्हणून तिसरी आणि चौथी गाडी मी स्वतः गिऱ्हाईक शोधून विकली. एक पारोळ्याच्या भाजीवाल्याने घेतली, एक गावातल्याच माणसाने. भाव शोरूमपेक्षा जास्तच आला.

एक्सचेंज बोनस बुडेल याची भीती दाखवतात. बऱ्याच कंपन्यांत जुनी बाहेर विकली तरी नाव बदललेल्या आरसीची कॉपी दाखवून बोनस मिळतो. बुकिंगच्या आधी हे लेखी घ्या. जुनी आणि नवी एकाच नावावर किंवा रक्ताच्या नात्यात लागतात, तेही विचारा.

विकणाऱ्याचीही एक जबाबदारी आहे, ती कुणी सांगत नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मी फॉर्म 29 ची प्रत रजिस्टर पोस्टाने जळगावला पाठवतो आणि पोचपावती आरसीच्या झेरॉक्सला टाचून ठेवतो. मग दर आठवड्याला एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव बघायचं. अक्षरं झाकलेली असतात, पण आपलं नाव गेलं की कळतं. ते जाईपर्यंत घेणाऱ्याला फोन करत राहायचा, त्याला राग आला तरी चालेल.

राहिलेलं

जुन्या विम्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या आणि नव्या विम्यात लावून घ्या. आणि चावी देण्याआधी काचेवरचा फास्टॅग खरवडून काढा, बँकेत तो बंदही करा. तिसऱ्या गाडीच्या वेळी मी हे विसरलो आणि पारोळ्याचा भाजीवाला महिनाभर माझ्या पैशांनी टोल भरत होता.