सुमारगडाच्या रानात उतरताना या चुका टाळा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड एका रांगेत उभे आहेत. रसाळगडावर झोलाईचं देऊळ आहे, महिपतगडावर पारेश्वराचं, त्यामुळे तिथे माणसांची ये-जा असते. मधला सुमारगड मात्र रानाने गिळलाय. हिवाळ्यात तिकडे निघणारे बहुतेक जण चढाचाच घोर लावून घेतात. चढ जमतो हो. माणसं चुकतात ती उतरताना.

चढताना डोंगराची कुठलीही सोंड, म्हणजे खाली उतरत आलेली धार, धरा, वर जाता जाता सगळ्या सोंडा माथ्याला मिळतात. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात आणि गच्च झाडीत वीस पावलं डावीकडे सरकलात की भलत्याच खोऱ्यात उतरायला लागता. आम्ही तिघं असेच फसलो. दुपारी चार वाजता माथा सोडला (ही पहिली चूक) आणि मळलेली, रुंद वाट दिसली म्हणून खुशीत निघालो. वाट एका डबक्याशी संपली. भोवती चिखलात खुरांचे ठसे, पुढे नुसती कारवीची झुडपं. तेव्हा आमच्यातल्या एकाने अक्कल पाजळली: ओहोळ धरू, पाणी शेवटी गावाकडेच जातं. अर्ध्या तासाने ओहोळ हवेत संपला. पायाखाली सुका धबधबा आणि खाली झाडांचे शेंडे.

सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा बनलाय. कठीण थर आला की तिथे कडा तयार होतो आणि प्रत्येक ओहोळ तो कडा उडी मारूनच उतरतो. म्हणून कोकणच्या बाजूला ओहोळ धरून खाली जाऊ नका, कितीही सोपा दिसला तरी. रात्री आठला बॅटरीच्या उजेडात धनगरवाड्यावर पोचलो, तेव्हा अंगणातले आजोबा शांतपणे म्हणाले, "ढोरांच्या वाटंनं गेलात व्हय? ढोरांचं गडावर काय काम?"

खरंच काय काम! ढोरवाट गवताकडे जाते, पाण्याकडे जाते. कमरेच्या उंचीच्या फांद्या मोडलेल्या नसतील, ताजं शेण असेल आणि वाट चढउतार टाळत आडवी आडवीच जात असेल, तर ती माणसाची नव्हे. चढताना दर फाट्यावर मागे वळून फोटो काढा, कारण परतताना तेच रान उलट्या बाजूने दिसतं आणि ओळखू येत नाही. सोंड सोडून आडवं वळलात त्या जागी दगडावर दगड रचा, उतरताना मोडून टाका.

फोनवरचा जीपीएस रेंजशिवाय चालतो, पण नकाशा घरूनच उतरवून घ्यायला हवा. दुसऱ्याने कधीतरी टाकलेल्या ट्रॅकवर, म्हणजे त्याच्या वाटेच्या जीपीएस नोंदीवर, विसंबू नका. पावसाळ्यानंतर वाट बदललेली असते आणि कड्याखाली, दाट झाडीत नकाशावरचा आपला ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो. चढतानाचा स्वतःचा ट्रॅक नोंदवा आणि बॅटरी वाचवायला फोन फ्लाइट मोडवर ठेवा.

"हिवाळा आहे, दोन लिटर पाणी पुरेल" हाही भ्रमच. कोकणात डिसेंबरातही दुपारी पारा ३० च्या वर जातो आणि पश्चिमेकडचा उतार संध्याकाळपर्यंत भाजत राहतो. माणशी चार लिटर घ्या. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत साडेपाचलाच अंधारतं. एक वाजला की माथा गाठलेला असो वा नसो, परत फिरा.

कारवीला धरून चढण्याची सवय सगळ्यांनाच असते. कारवी सात वर्षांनी फुलते आणि मग मरते. वाळली की मुळासकट हातात येते, म्हणून आधी ओढून बघा. वाळलेलं गवत आडवं पडलं की तेही साबणासारखं निसटतं. तिथे टाच रोवून, तिरकं उतरा.

पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा तो खाजकुइलीसाठी. याच दिवसांत तिच्या शेंगा पिकतात आणि लव वाऱ्यावर उडते. अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून लव ओढून काढा, मग पाण्याने धुवा. गोचिडीही असतात. सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे माकडताप त्यांच्यामार्फतच पसरतो. तिकडच्या रानात जाऊन आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं सांगा.

आणि चुकलातच तर? थांबा. खात्रीची शेवटची जागा आठवा आणि तिथवर वर चढून जा. खालच्या दिव्यांच्या मोहाने सरळ उतरू नका, पांगू नका. उजेड गेलाच असेल तर सपाट जागा बघून बसून राहा. शेकोटी नको, वाळल्या गवतात वणवा लागतो. उंच मोकळ्या जागी रेंज मिळाली तर ११२ लावा.

निघताना धनगरवाड्यावर कुठून चढणार, किती वाजता परतणार ते सांगून जा. जमलं तर तिथलाच एखादा दादा वाटाड्या म्हणून घ्या. आणि दुसऱ्या बाजूने उतरलात तरी आधी त्या घरी निरोप पोचवा. आमच्यासाठी आजोबांचा नातू बॅटरी घेऊन निघायच्या तयारीत पायताण घालत होता.