व्हॉइस बॉटला मराठवाड्याचं बोलणं कळतं का? विद्यापीठीय अभ्यास असा उभारा

‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा ग्रामीण समाजावर परिणाम’ हे शीर्षक प्रस्तावावर छान दिसतं. गावात उतरल्यावर मात्र नेमकं काय मोजायचं, हे पाच विभागांची पाच माणसं पाच तऱ्हांनी सांगतात आणि हंगाम निघून जातो. म्हणून प्रश्न आधीच आवळून घ्या. उदाहरणार्थ: शेतकऱ्याने आपल्या बोलीत विचारलेला पिकाचा प्रश्न मराठी व्हॉइस बॉटला, म्हणजे बोलून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या ॲपला, कळतो का, उत्तर बरोबर येतं का, आणि चुकलं तर ते कुणाच्या अंगावर येतं? पहिला भाग भाषा आणि संगणकशास्त्राचा, दुसरा कृषिविद्येचा, तिसरा समाजशास्त्राचा आणि कायद्याचा. पाचही विभागांना काम आहे आणि एकही शोभेपुरता नाही.

त्यानंतर सगळ्यांचं मोजण्याचं एकक एकच ठरवा: एका माणसाने एका वेळी बोलून विचारलेला एक प्रश्न. तक्त्यात त्याची एक ओळ. भाषावाला त्या ओळीत बोलीची नोंद करेल, कृषीवाला उत्तराला श्रेणी देईल, समाजशास्त्रवाली फोन कुणाच्या हातात होता ते लिहील. हे एकक ठरलं नाही, तर वर्षाअखेर एकमेकांना न जुळणाऱ्या पाच फायली हातात राहतात. आंतरविद्याशाखीय म्हणवणारं बरंचसं काम इथेच फसतं.

माणसं फार लांब शोधावी लागत नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या विद्यापीठांत संगणकशास्त्र, मराठी आणि समाजशास्त्राचे विभाग आहेत. परभणीचं कृषी विद्यापीठ आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे, आणि खरपुडी, अंबाजोगाई, तुळजापूर इथली कृषी विज्ञान केंद्रं रोज शेतकऱ्यांचे प्रश्न ऐकतात. पहिल्या बैठकीत दोन पानांची शब्दसूची करा. ‘बायस’ म्हणताना संख्याशास्त्रवाल्याच्या मनात मोजमापातला कल असतो, समाजशास्त्रवालीच्या मनात जातीचा आणि लिंगाचा दुजाभाव. दोघंही बरोबर असतात आणि तीन महिने वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहतात. विदा (डेटा) कुणाच्या ताब्यात राहणार आणि लेखावर नावं कोणत्या क्रमाने येणार, हेही त्याच दिवशी लिहून सह्या घ्या.

वेळ आणि नमुना

सोयाबीन-कापसावरच्या कीड-रोगाचे खरे प्रश्न ऑगस्ट-सप्टेंबरात उठतात. नीतिमत्ता समितीकडे अर्ज जानेवारीतच टाका. शंका, दुरुस्ती आणि पुढची बैठक यांत महिने जातात. गावभेटी आखताना पोळा, महालक्ष्म्यांचे तीन दिवस आणि १७ सप्टेंबर सोडा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी सुरू झाली की कुणाला बोलायला उसंत नसते. दिवाळीनंतर जाऊ म्हणालात, तर बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातले ऊसतोड कामगार कारखान्यांकडे गेलेले असतात, ते मार्च-एप्रिलमध्येच परततात. डिसेंबरात घेतलेल्या नमुन्यात सर्वांत गरीब घरं गळून जातात. हे पुढे कोणत्याही सांख्यिकी युक्तीने भरून निघत नाही.

नमुन्याचा हिशेब असा. ९५ टक्के विश्वास आणि ५ टक्के चूक धरली, तर साध्या यादृच्छिक नमुन्याला ३८४ माणसं लागतात. बरेच प्रबंध इथेच थांबतात, आणि ते चुकीचं आहे. आपण गावनिहाय जातो. एका गावातल्या लोकांना एकाच टॉवरची रेंज मिळते, ते एकाच सेवा केंद्रात जातात, म्हणून त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. हा सारखेपणा ० (अजिबात नाही) ते १ (पूर्ण सारखे) या मापावर ०.०५ धरला आणि गावागणिक १६ माणसं घेतली, तर नमुना १ + १५ × ०.०५ म्हणजे १.७५ पटीने वाढवावा लागतो: ६७२. दहा टक्के लोक नकार देतील किंवा भेटणार नाहीत असं धरून ७४७. म्हणजे ४७ गावं. दोघांच्या तीन जोड्या आणि जोडीमागे दिवसाला एक गाव, तर १६ दिवसांत काम उरकतं. ०.०५ हा आकडा मात्र चार-पाच गावांच्या चाचणीफेरीत तपासून घ्या.

गावांची यादी २०११ च्या जनगणनेवरून काढा, पण गावं जुळवताना नावावर विसंबू नका. पिंपळगाव नावाची गावं जागोजागी आहेत. त्यांत बु. आणि खु. कुठे पूर्ण लिहिलेलं, कुठे गाळलेलं. शिवाय औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही जिल्ह्यांची जुनी नावं जुन्या फायलींत तशीच असतात. जनगणनेचा सहा आकडी गाव-संकेतांकच धरा. एक्सेलमध्ये तो रकाना ‘टेक्स्ट’ ठेवायला विसरू नका.

निवडलेल्यांत निम्म्या बाया हव्यात, आणि त्यांच्याशी बोलायला बाईच हवी. नाहीतर दारात ‘तिला काय कळतंय, मीच सांगतो’ म्हणत घरचा पुरुष बसतो आणि तक्त्यात नाव मात्र तिचं लागतं.

संमती

छापील अर्जावर अंगठा मागू नका. गावात आता अंगठा म्हणजे खात्यातले पैसे. सेवा केंद्रात अंगठा लावून रक्कम निघते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि अनोळखी माणसाने अंगठा मागितला की दार बंद होतं. त्यापेक्षा संमतीपत्र मोठ्याने वाचा आणि साक्षीदारासमोर तोंडी होकार ध्वनिमुद्रित करा. काय विचारणार, आवाज कुठे ठेवणार, कधी पुसणार, मध्येच नको म्हटलं तर काय होईल, आणि या माहितीमुळे कोणतीही योजना मिळणार नाही की बंदही होणार नाही, हे पाच मुद्दे त्यात हवेतच. शेवटचा मुद्दा दोनदा सांगा. टॅब घेऊन आलेला माणूस म्हणजे केवायसीवाला, हाच पहिला समज असतो.

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे. त्यात संशोधनाला सवलत आहे, पण अटीवर: गोळा केलेल्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घेतला जाता कामा नये, आणि ठरवून दिलेले निकष पाळले पाहिजेत. म्हणून नावांची यादी तहसील किंवा कृषी कार्यालयाला ‘मदत म्हणून’ देऊ नका. आधारचा फोटो घेऊच नका, क्रमांक तर नाहीच. नाव आणि अनुक्रमांक जोडणारी फाईल वेगळी, कुलूपबंद आणि एकाच व्यक्तीकडे ठेवा. जीपीएसचे चार दशांश साधारण ११ मीटरपर्यंत नेतात, म्हणजे थेट अंगणात. विदा खुली करताना दोनच दशांश ठेवा, म्हणजे एखाद किलोमीटरचा परिसर राहतो.

आवाज कसा घ्यावा

७४७ जणांना फॉर्म भरून विचारा, पण बोलून प्रश्न त्यांच्यातल्या यादृच्छिक २४० जणांकडूनच घ्या. प्रत्येकी चार म्हणजे ९६० प्रश्न. सरासरी १२ सेकंद धरले तर ध्वनी सव्वातीन तासांच्या आत बसतो. थोडा वाटतो, पण पुढचं काम त्याच्या कितीतरी पट आहे. १६ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिट, डब्ल्यूएव्ही फाईल ठेवा. तासाला सुमारे ११५ एमबी लागतात. एमपी३ मध्ये दाबू नका. महागडा माईकही नेऊ नका. बॉटला शेतकऱ्याच्याच फोनचा माईक ऐकायचा आहे, मागे मोटार चालू असताना आणि वारा असताना. फॉर्म इंटरनेटशिवाय चालणारा हवा. ओडीके किंवा कोबो या सर्वेक्षणाच्या ॲपवर तो होतो.

वाक्य वाचून घेऊ नका. वाचताना माणूस शाळेतलं मराठी बोलतो आणि बॉट मस्त पास होतो. पिवळ्या पानाचा किंवा पोखरलेल्या बोंडाचा फोटो दाखवा आणि म्हणा, ‘मावशी, हे तुमच्या रानात दिसलं तर तुम्ही काय विचाराल?’ मग जे येतं ते खरं: ‘सोयाबीनची पानं पिवळी पडायलीत, पंपाला किती मिली टाकावं?’

या एका वाक्यात अर्धा अभ्यास आहे. ‘पडायलीत’ हे परभणी-नांदेडकडचं चालू क्रियेचं रूप आहे. लातूर-धाराशिवकडे ‘करलालाव’ची तऱ्हा ऐकू येते. देगलूर-बिलोलीला तेलुगू शेजारी आहे, उमरगा-निलंग्याला कानडी. तांड्यावर घरात गोरमाटी बोलतात, शहरात मराठीत दखनी मिसळते. आणि ‘पंपाला’ म्हणजे किती लिटरला? पाठीवरचा पंप कुणाचा १५ लिटरचा, कुणाचा २० चा. लेबलवर १० लिटर पाण्याला ५ मिली लिहिलेलं असेल, तर एका पंपाला साडेसात मिली लागतात आणि दुसऱ्याला दहा. पंप केवढा हे न विचारता आकडा सांगणारं उत्तर कितीही शुद्ध मराठीत असो, अपुरंच आहे. ही गोष्ट संगणकवाल्याला सुचत नाही आणि कृषीवाल्याला सांगावीशी वाटत नाही, इतकी ती त्याच्या अंगवळणी असते. दोघांना एका टेबलावर बसवायचं ते यासाठीच.

लिहून काढणं आणि मोजणं

प्रत्येक प्रश्न दोन थरांत लिहा: एक जसा बोलला तसा, दुसरा प्रमाण मराठीत. दोघांनी एकमेकांचं न बघता लिहायचं, फरक तिसऱ्याने सोडवायचा. आधी अक्षरं एकसारखी करून घ्या. ‘ॲप’मधला ॲ एका संकेताने येतो, तसाच अ वर चंद्र देऊनही येतो, डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला दोन. ‘दुसऱ्या’तल्या ऱ्याचंही तेच. अंकांसाठीही नियम करा, ‘पंचवीस’ की २५. हे सोडलं तर आवाज ओळखणाऱ्या मॉडेलच्या नावावर तुमच्या कीबोर्डच्या चुका पडतात.

आवाज ओळखण्याची चूक साधारण शब्दचूक-दराने मोजतात: बदललेले, गळलेले आणि जादा शब्द यांची बेरीज भागिले मूळ शब्द. वरच्या वाक्यात आठ शब्द आहेत. यंत्राने ‘सोयाबीनची पाने पिवळी पडायला लागलीत पंपाला किती मिली टाकावे’ असं लिहिलं, तर चार चुका, म्हणजे ५० टक्के. अर्थाला धक्का नाही. आता दुसरं घ्या: ‘मावा पडलाय, एकरी दीडशे मिली चालंल का’. सात शब्द. यंत्राने फक्त ‘दीडशे’चं ‘अडीचशे’ केलं, तर एक चूक, १४ टक्के. कागदावर हे झकास, रानात शंभर मिली औषध जास्त. म्हणून शब्दचूक-दराबरोबर कळीच्या शब्दांची चूक वेगळी मोजा: पीक, कीड, प्रमाण, एकक आणि नकार. नकाराकडे विशेष लक्ष हवं. ‘उगवंना’, ‘लागंना’ यात नाही म्हणणारा ‘ना’ क्रियापदाच्या शेपटीला असतो. तो गळला की अर्थ उलटा होतो.

बॉटच्या उत्तरांना श्रेणी तीनच ठेवा: बरोबर, अपुरं, घातक. दोन कृषितज्ज्ञांनी, विचारणारा कोण हे न कळता, स्वतंत्रपणे द्यायच्या. मग ‘आमचं ९० टक्के जुळलं’ एवढ्यावर थांबू नका. समजा शंभर उत्तरांत ‘घातक आहे का’ एवढंच पाहिलं. दोघंही ८५ वेळा नाही म्हणाले, ५ वेळा हो, आणि उरलेल्या दहांत पाच-पाचदा एकेकट्याने हो म्हटलं. जुळणी ९० टक्के, पण बहुतेक उत्तरं ‘नाही’च असल्याने योगायोगानेच ८२ टक्के जुळली असती. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वगळून मोजलेली जुळणी, येतो (०.९० − ०.८२) ÷ ०.१८, म्हणजे ०.४४. जे उत्तर पिकाचं किंवा माणसाचं नुकसान करेल, नेमकं तिथेच दोघांचं एकमत नाही. निकष पुन्हा लिहा, वीस उत्तरं एकत्र बसून तपासा, मग नव्याने श्रेणी द्या.

काउंटरवर बसा

आकड्यांइतकंच महत्त्वाचं काम सेवा केंद्राच्या आणि कृषी सेवा केंद्राच्या बाकावर होतं. बाजाराच्या दिवशी चार तास बसा. बॉटला प्रश्न बहुधा शेतकरी स्वतः टाकत नाही. पुतण्या, नात किंवा दुकानदार टाकतो आणि टाकताना प्रश्न बदलतो. ‘पानं पिवळी पडायलीत’चं ‘येलो मोझॅकवर उपाय’ होतं. रोग कोणता हे दुकानदाराने बॉटच्या आधीच ठरवलेलं असतं. सर्व्हरच्या नोंदीत हे एका वापरकर्त्याचं यशस्वी संभाषण म्हणून जातं. म्हणून तक्त्यात ‘कुणाचा प्रश्न’ आणि ‘कुणी विचारला’ असे दोन रकाने ठेवा. ज्यांनी एकदा बॉटचं ‘नीट बोला’ ऐकून फोन खाली ठेवला, त्यांना घरी जाऊन भेटा. ती माणसं नोंदीत पुन्हा येत नाहीत.

सरकारी ॲपची आकडेवारी माहिती अधिकारात मागता येते. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘ॲप यशस्वी आहे का’ असं विचारू नका, ते मत झालं. ‘१ जून ते ३० सप्टेंबर, तालुकानिहाय, आलेले प्रश्न आणि अनुत्तरित प्रश्न यांची उपलब्ध नोंद’ असं मागा.

निष्कर्ष गावात परत न्यायला २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्याच वर्षी फार लवकर होते, २६ जानेवारीची धरा. अहवाल वाचून दाखवू नका. छोटा स्पीकर न्या आणि प्रश्नाशेजारी बॉटचं चुकलेलं उत्तर वाजवा. आवाज गावातल्या कुणाचा नको. आपल्या चमूतल्या कुणीतरी तो पुन्हा म्हटलेला हवा. नंतर पंपाच्या लिटरप्रमाणे प्रमाण काढायचा तक्ता, १० ते २० लिटरपर्यंत, मोठ्या अक्षरात छापून कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावा. कळीच्या शब्दांची यादी आणि चुकलेल्या जागा बॉट बनवणाऱ्यांना लेखी पाठवा, पोच घ्या, आणि पुढच्या खरिपात तेच ९६० प्रश्न पुन्हा टाकून पाहा.