स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर: सहा आठवडे हात कसे जपायचे

स्तन लहान करून घेतल्यावर टाके ताणले जातात ते बहुधा घरातल्या साध्या कामांत. कणीक मळताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, भरलेली बादली सरकवताना, पोराला कडेवर घेताना. स्तनाच्या मागेच छातीचा मोठा स्नायू असतो आणि तो दंडाला जोडलेला असतो. हाताने काही ढकललं, ओढलं, उचललं की तो आवळतो आणि वरची कातडी खेचली जाते. म्हणून बरं होण्याची निम्मी तयारी म्हणजे हात कधी, किती वापरायचे हे आधी ठरवून ठेवणं. पुढचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, आत काय आणि कसं शिवलंय ते त्यांनी पाहिलेलं असतं.

टाके कुठे असतात

सगळ्यात जास्त केली जाणारी पद्धत म्हणजे जहाजाच्या नांगराच्या आकाराची. स्तनाग्राच्या काळसर वलयाभोवती एक गोल रेघ, तिथून सरळ खाली उभी रेघ आणि स्तनाखालच्या घडीत आडवी रेघ. उभी रेघ आडवीला जिथे मिळते तिथे तीन बाजूंच्या कातड्या एकत्र येतात. या तिठ्यावर ताण सर्वांत जास्त आणि रक्तपुरवठा सर्वांत कमी, त्यामुळे जखम उघडलीच तर बहुतेक वेळा इथेच उघडते. हा तिठा ध्यानात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

बाहेरून जखम दोन आठवड्यांत मिटलेली दिसते आणि तिथेच फसगत होते. तीन आठवड्यांनी जोडाची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. तीन महिन्यांनी ती साधारण ८० टक्क्यांवर जाते.

दवाखान्यात जाण्यापूर्वी घर लावून ठेवा

रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणा: चहा-साखर, औषधं, चार्जर, कपडे. पाच लिटरच्या कुकरऐवजी लहान पातेली हाताशी ठेवा. जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर सहा आठवड्यांपुरती खाट किंवा दिवाण मिळवा, कारण जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकून जोर द्यावाच लागतो. घरी भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा, तेही याच कारणासाठी. पुढे बटणं किंवा चेन असलेले तीन-चार गाऊन काढून ठेवा. डोक्यावरून घालायचे कुर्ते, टी-शर्ट महिनाभर कपाटातच राहू द्या. केस धुणं, विंचरणं, वेणी घालणं यासाठी पहिले दहा-बारा दिवस कोण येणार ते आत्ताच ठरवा.

पहिले तीन दिवस

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते, दोन ते चार तास चालते आणि पुष्कळ जणींना एक रात्र ठेवून घेतात. त्याच संध्याकाळी आधार घेऊन खोलीतल्या खोलीत चाला. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती टाळायचा हा सोपा उपाय. घरी आल्यावर जागेपणी दर दोन तासांनी पाच मिनिटं चालणं पुरे.

झोपायचं उताणं, पाठीखाली उतरत्या उशा लावून, धड ३० ते ४५ अंश वर. दोन्ही कोपरांखाली एकेक छोटी उशी ठेवली की हातांचं वजन छातीवर ओढत नाही. उठताना हातांनी गादी रेटू नका. गुडघे वाकवा, पाय कडेला सोडा आणि दुसऱ्याने तुमच्या खांद्यामागे हात देऊन उठवावं. बगलेत हात घालून ओढायचं नाही. घरातली माणसं प्रेमापोटी नेमकं तेच करतात, म्हणून त्यांना आधी सांगून ठेवा.

दुखणं पहिल्या तीन-चार दिवसांत जास्त असतं. गोळी दुखणं वाढण्याची वाट न पाहता दिलेल्या वेळेवर घ्या. एक काळजी मात्र घ्या: ट्रामाडॉल, अॅसिक्लोफिनॅक अशा बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. वरून वेगळी पॅरासिटामॉल घेतली तर मात्रा दुप्पट होते. सगळं धरून २४ तासांत ४ ग्रॅमच्या पुढे जायचं नाही, यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी कमी. ट्रामाडॉलने पोट जड होतं आणि कुंथणं टाक्यांना चांगलं नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी, फळं आणि रात्री इसबगोल सुरू करा.

या काळातला खरा धोका म्हणजे आत रक्त साठणं. दोन्ही बाजू सुजतात, काळ्यानिळ्या होतात, ते ठीक. पण एकच बाजू काही तासांत दुसरीपेक्षा ठळक मोठी झाली, घट्ट तटतटली, गोळीनेही ठणका थांबत नाही, असं झालं तर सकाळपर्यंत थांबू नका. त्याच वेळी सर्जनला फोन करा आणि तोवर काही खाऊपिऊ नका, कारण पुन्हा भूल द्यावी लागू शकते.

ड्रेनची नळी असेल तर

आत साठणारा द्रव बाहेर काढणारी ही नळी, तिच्या टोकाला दाबता येणारा फुगा असतो. सगळ्यांना ती बसवत नाहीत. असेल तर दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी रिकामी करा. हात साबणाने धुवा, फुग्याचं टोपण उघडा, द्रव मोजमापाच्या कपात ओता, किती मिलिलिटर आणि रंग कसा ते वहीत लिहा, बाजूवार वेगळं. मग फुगा मुठीत पूर्ण दाबा आणि दाबलेला असतानाच टोपण लावा. तो पुन्हा लगेच फुगला तर कुठेतरी हवा शिरतेय. रंग लालकडून गुलाबी, मग पिवळसर होत जायला हवा. २४ तासांत ३० मिलिच्या खाली आलं की साधारणतः नळी काढतात, म्हणून ती वही तपासणीला न चुकता न्या. फुगा लोंबकळत ठेवू नका, गाऊनला आतून पिनेने अडकवा. अंघोळीला गळ्यात सैल नाडी बांधून तिला अडकवता येतो.

ब्रा

पुढे उघडणारी, तार नसलेली, रुंद पट्ट्यांची सर्जिकल ब्रा चार ते सहा आठवडे दिवसरात्र. किमान दोन लागतात, तीन असल्या तर पावसाळ्यात वाळायची चिंता नाही. घट्टपणा तपासायला खालच्या पट्ट्यात दोन बोटं सरकवून बघा, सहज जायला हवीत. सकाळी काढल्यावर कातडीवर खोल वळ उमटलेले असतील तर एक हूक सैल करा. खालच्या पट्ट्याची शिवण नेमकी घडीतल्या जखमेवर बसते आणि घासते. ब्रा उलटी करून शिवण बाहेरच्या बाजूला आणा, किंवा घडीत गॉजची (ड्रेसिंगच्या जाळीदार कापडाची) पट्टी ठेवा. दमट हवेत, कोकण-मुंबईत तर विशेष, घाम या घडीतच साठतो. गॉज ओला झाला की लगेच बदला, ओली घडी म्हणजे तिठा मऊ पडून उघडायला निमंत्रण. तिथे पावडर टाकू नका.

पहिल्यांदा ब्रा काढल्यावर पुष्कळ जणींना एकदम घेरी येते. आधार सुटल्याची भावना, स्वतःची जखम बघणं आणि रिकामं पोट, सगळं एकदम होतं. ते बसूनच करा, शेजारी कोणीतरी हवं.

अंघोळ

बहुतेक सर्जन ४८ तासांनी परवानगी देतात, पण ड्रेसिंगचा प्रकार पाहून. स्टुलावर बसा, कोमट पाणी खांद्यावरून सोडा आणि तांब्या दुसऱ्याच्या हातात असू द्या. साबणाचं पाणी ओघळून गेलं तरी चालतं, जखम चोळायची नाही. स्वच्छ पंच्याने टिपून घ्या. टाक्यांवरच्या कागदी पट्ट्या ओढू नका, दोनेक आठवड्यांत त्या आपोआप सुटतात. टब, तलाव, नदी, समुद्र जखमा पूर्ण मिटेपर्यंत नाहीच.

कोणतं काम कधी

पहिले दोन आठवडे २ किलोच्या वर काही नाही आणि कोपरं खांद्याच्या वर नाहीत. याचा अर्थ हात अंगाला बांधून बसणं असाही नव्हे. हालचालच केली नाही तर खांदे आखडतात. खांदे गोल फिरवणं, हात खांद्याच्या पातळीपर्यंत हळू वर नेणं दिवसातून तीन-चार वेळा करा. भाजी निवडणं, चहा करणं, फोडणी देणं चालेल.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटलं तर दोन-तीन पोळ्या लाटा. कणीक मात्र दुसऱ्याने मळावी, कारण मळताना दोन्ही तळव्यांनी खाली रेटावं लागतं आणि छातीचा स्नायू पूर्ण आवळतो. फरशी पुसणं, कपडे पिळणं, गादी उचलणं, खलबत्ता सहा आठवड्यांनंतर. भरलेली बादली १५ किलोच्या आसपास, भरलेला सिलिंडर जवळजवळ ३० किलोचा, त्यांना तर हातच लावू नका. लहान मूल असेल तर तुम्ही आधी बसा, कुशीत छोटी उशी धरा आणि मूल दुसऱ्याने मांडीवर आणून द्यावं.

बैठं काम साधारण दोन आठवड्यांनी सुरू होतं. त्यात प्रवास धरा: लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहणं म्हणजे हात डोक्यावर, आणि गर्दीचा धक्का थेट छातीवर. पहिले काही दिवस गर्दीची वेळ टाळता आली तर टाळा. गाडी चालवायची ती झोप आणणारी औषधं थांबल्यावर आणि न दुखता करकचून ब्रेक मारता येईल तेव्हा, सहसा दोन-तीन आठवड्यांनी. स्कूटरला खड्ड्यांचे धक्के हातांतून छातीत येतात, तिला सहा आठवडे द्या. सूर्यनमस्कार, भुजंगासन, धावणं, पोहणंही सहा आठवड्यांनंतरच, आधी सर्जनला विचारून.

तिठा उघडला तर

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घडीच्या मध्यावर शेंगदाण्याएवढी जागा उघडी दिसली, पिवळसर ओल आली, तर घाबरू नका आणि लपवूही नका. बहुतेक वेळा ती रोजच्या ड्रेसिंगने काही आठवड्यांत भरून येते, पुन्हा टाके घालावे लागत नाहीत. त्याच दिवशी फोटो काढून सर्जनना दाखवा. हळद, खोबरेल, कोरफड, कोळसा, टूथपेस्ट काही लावू नका, उघड्या जखमेला ही स्वच्छ औषधं नाहीत. महिना-दीड महिन्याने रेघेवर बारीक पुळी येऊन पांढरा धागा डोकावला तर ती विरघळायच्या टाक्याची गाठ असते. स्वतः ओढू नका, दवाखान्यात कापून काढतात.

ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी, पू किंवा स्तनाग्र काळंनिळं पडणं, यांपैकी काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तरी तसंच. धाप लागणं, छातीत कळ येणं, याला थेट आपत्कालीन विभाग.

खाणं आणि मिश्री

‘डाळ-भात खाल्ला की जखमेत पू होतो’ हे ऐकून कित्येक बायका ज्या दिवसांत प्रथिनं सर्वांत जास्त हवीत त्याच दिवसांत पेज पिऊन राहतात. पू जंतूंमुळे होतो. वरण, उसळी, अंडी, मासे, दूध, पनीर, पचेल ते रोज दोन्ही जेवणांत घ्या. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हे निम्मं ड्रेसिंगच आहे.

तंबाखूबद्दल मात्र तडजोड नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि स्तनाग्र, तिठा याच वाहिन्यांवर जगतात. शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. दातांना लावायची मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. सर्जन ‘सिगारेट ओढता का’ विचारतात, बाई खरंच ‘नाही’ म्हणते आणि मिश्रीचा विषय राहून जातो. तो तुम्हीच काढा. रोज घेत असलेल्या आयुर्वेदिक गोळ्या, अॅस्पिरिनही सांगा.

बधिरपणा, गाठी, व्रण

स्तनाग्राची जाणीव काही महिने कमी असते, कधी उलट वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही, मधेच विजेसारखी चमक जाते. नसा पुन्हा जुळत असतात. काहींच्या बाबतीत बधिरपणा कायम राहतो. बधिर भागाला गरम पाण्याची पिशवी किंवा नुसता बर्फ लावू नका, भाजलेलं कळत नाही. पहिली पाळी येते तेव्हा पुन्हा सूज आणि जडपणा येतो, तो ओसरतो.

काही आठवड्यांनी आत कडक गाठ लागली तर बहुधा ती रक्तपुरवठा तुटलेल्या चरबीची असते. ‘बहुधा’वर थांबू नका, सोनोग्राफी करून घ्या. काढलेला भाग सहसा पॅथॉलॉजीला (प्रयोगशाळेत तपासायला) पाठवलेला असतो. त्याचा अहवाल मागून घ्या, वाचून घ्या आणि जपून ठेवा. पुढे कधीही मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करताना ही शस्त्रक्रिया झाल्याचं सांगा, आतले व्रण चित्रात दिसतात.

व्रण पहिले काही महिने लाल, जाड, खाजरे होतात आणि बारा ते अठरा महिन्यांत फिके, मऊ पडतात. आपल्याकडच्या कातडीत ते जाड राहण्याचं प्रमाण जास्त आहे, म्हणून सिलिकॉन जेल किंवा पट्टी टाळू नका. खपली पूर्ण गळून जखम मिटल्यावर सुरू करा, पट्टी असेल तर दिवसाचे बारा तास तरी, किमान तीन महिने. व्रण मूळ रेघेच्या बाहेर वाढू लागला तर लवकर दाखवा.

नवी ब्रा तीन महिन्यांनी मापून घ्या, आकार स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर चांगले ब्लाऊज शिवायला टाकू नका. शिवणं भागच असेल तर पुढे हुकांचा, ढिला आणि कमरेकडे अर्धा इंच लांब सांगा, म्हणजे खालची पट्टी घडीतल्या व्रणावर न बसता त्याच्या खाली येईल.