गोळी चहासोबत गिळू नका: गरोदरपणात या चुका टाळा

"मॅडम, लोहाच्या गोळ्या रोज घेते, तरी रक्त वाढत नाही." नागपुरात गरोदर बायांचं वजन-बीपी घेताना हे मी रोज ऐकते. माझा पहिला प्रश्न ठरलेला: गोळी कशासोबत घेता?

सातव्या महिन्यातली एक बाई आली, हिमोग्लोबिन 8.2. गरोदरपणात निदान 11 हवं. रिकामी पाकिटं तिनं टेबलावर मांडली, एकही गोळी चुकली नव्हती. आधीच्या दवाखान्यात लोह आणि कॅल्शियम एकाच पुडीत बांधून "दोन्ही रोज" एवढंच सांगितलेलं. ती दोन्ही सकाळच्या चहासोबत गिळायची. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, कॅल्शियम ते शोषू देत नाही. महिनोन् महिने घेतलेल्या गोळ्या जवळजवळ वाया! मग तिच्या पर्समधून कागदाची पुडी निघाली. आत पांढऱ्या मातीचे खडे, कडेला दातांच्या खुणा. लोह कमी झालं की काहींना माती खावीशी वाटते, त्या मातीत शिसं असू शकतं, आणि लोह-कॅल्शियम कमी पडलेलं शरीर तेच शिसं जास्त ओढून घेतं. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं, मेंदूच्या वाढीला बाधतं. शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. अशा बाईला मी रागावत नाही. डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासायला लावते.

मी सांगते ती पद्धत: कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणासोबत. लोह रात्री जेवल्यावर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. हंगामात संत्रं खा. मळमळलं तर जेवणानंतर लगेच घ्या, पण सोडू नका. त्या बाईचं हिमोग्लोबिन दीड महिन्यात 10.1 झालं. आठ दिवसांत फरक नाही म्हणून दोन-दोन गोळ्या घेणाऱ्यांचं मला पटत नाही. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, घाबरू नका.

खर्रा, नस (तपकीर), गुडाखू पूर्ण बंद. तंबाखूतलं कॅडमियम वारेत साठतं, बाळाकडे जाणारं जस्त अडवतं, बाळाचं वजन कमी भरतं. "फक्त दात घासायला" ही सबब मी ऐकत नाही.

मुलगा किंवा गोरं बाळ होण्यासाठी दिलेली भस्मं, पुड्या तोंडात घालू नका. काही भस्मांत पारा आणि शिसं असतं.

सुटी, भडक पिवळी हळद नको, रंगासाठी तिच्यात शिसं मिसळलेलं असू शकतं. हळकुंडं आणून दळा.

मीठ आयोडीनचंच, झाकणाच्या डब्यात.

पुढच्या तपासणीला घरातल्या सगळ्या गोळ्या-पुड्या पिशवीत घालून आणा. पर्समधल्यासुद्धा.